सहाशे रुपये, जेवणासहित

वाशीच्या डेपोसमोर सकाळी सव्वासहा.
आम्ही बारा जण, एक टेम्पो ट्रॅव्हलर,
प्रत्येकाला टोपी, पाण्याची बाटली
आणि एक कागद. त्यावर ठळक छापलेलं:
चप्पल चालणार नाही.
गाईडच्या पायात चप्पल होती.

हणमंत मुधोळ, वय त्रेपन्न,
गळ्यात छोटा स्पीकर, भंगारवाल्याकडे असतो तसा.
'डावीकडं बघा, पारसिकचा डोंगर.
उजवीकडं बी पारसिकच,
फकस्त तो आता बिल्डिंगीत राहतो.'
आम्ही हसलो.
दर रविवारी इथेच हसत असणार लोक.

शिरवण्याच्या मागून गाडी वर चढली.
एप्रिल संपत आलेला. गवत इतकं वाळलेलं
की त्याच्याकडे बोट दाखवायलाही भीती वाटावी.
निवडुंग, घाणेरी, एक निष्पर्ण सावर,
मैलभर दुसरं काही नाही,
आणि पाठीमागे, धुरकट, आमची शहरं.

मग डोंगर एकदम संपला.
वड्या पाडाव्यात तसा उभा कापलेला,
तळाशी हिरवं पाणी, अजिबात न हलणारं.
भडकमकर सर भूगोलातून निवृत्त झालेले,
म्हणाले, हे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे.
हणमंत म्हणाला, 'असतील.
आमाला अठरा वर्सं लागली.'

त्याने दोन दगड वाजवून दाखवले.
'ह्यो बोलतो, ह्यो मुका. मुक्याची खडी,
बोलक्याची फरशी.'
तीन शिट्ट्या, लाल फडकं, मग सुरुंग,
आणि सुरुंगानंतर पहिल्यांदा कुत्रं पळायचं की माणूस,
हे सांगताना स्पीकर बंद पडला.
त्याने तो चापट मारून चालू केला.
उत्तर राहिलं.

वस्ती दुपारी आली.
गाव म्हणावं तर चावडी नाही,
शहर म्हणावं तर नळ नाही.
यल्लम्माचं देऊळ, कुलूपबंद बालवाडी,
केशकर्तनालयात आरसा आहे, खुर्ची नाही.
रस्त्यावर एक कोंबडा, मालकासारखा.
शांतव्वाने अंबाडीची भाजी वाढली,
कडक भाकरी, शेंगाचटणी.
'फोटो काढा की,' ती म्हणाली, 'पण मोरीचा नको.'

जेवून कड्यापाशी परत आलो तेव्हा
निरामयने विचारलं, काका, तुमचं घर कुठलं?
सगळ्यांनी वस्तीकडे पाहिलं.
हणमंतने समोर हवेत हात केला.
'ते. ती घार हाय न्हवं, तिच्या जरा खाली.
टेकडी हुती तिथं. दोन खोल्या, दारात शेवगा.
सायबानं सांगितलं, आता हिकडचा घ्या.
घेतला.
भोकं मीच पाडली, हात बसलेला हुता.'

घार वळली.
त्याच्या हिशेबाने ती
स्वयंपाकघरातून पडवीत आली असावी.
कुणी फोटो काढला नाही.
काढायला काही नव्हतंच.

परतताना बंद पडलेला वजनकाटा लागला.
निरामयने खिशातला दगड धरून
त्यावर उडी मारली, दोनदा.
'दहा टनाखालचं त्याला ऐकू येत न्हाई,' हणमंत म्हणाला.
दगड परत ठेवू का, मुलाने विचारलं.
'असू दे. बाकीचा हाय की तुमच्याकडंच.'

या वेळी हसायचं की नाही
ते कुणाला ठरवता आलं नाही.
सानपाड्याच्या सिग्नलला
गाईडला किती तारे द्याल, असा मेसेज आला.
मी पाच दाबले. चार दाबून काय मिळवणार होते?

रात्री नवव्या मजल्यावर, बाल्कनीत,
बूट उलटे केले. चमचाभर कच निघाली,
काळी, धारदार.
कठड्यावरून टाकून देणार होते.
हात बाहेर काढला
आणि आधी वाकून पाहिलं,
खाली हवेत
कुणाचं घर तर नाही ना.